मधल्या वर्तुळातली खेळपट्टी

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या लहानपणी मैदानाच्या मधोमध चार खुंट्या ठोकून सुतळी बांधलेली असायची. सुतळीच्या आत क्रिकेटची खेळपट्टी आणि बाहेर फुटबॉलच्या मागे धावणारी आम्ही पोरं. बॉल आत गेला की मैदानाची निगा राखणारे काका लांबूनच ओरडायचे, "बूट काढून जा रे, आणि टाचा टेकवू नका!" मग आमच्यातला एक जण अनवाणी, चवड्यांवर आत जायचा आणि बॉल उचलून आणायचा. जूनमध्ये पाऊस लागला की काका स्वतःच खुंट्या उपटायचे. तिथून दसऱ्यापर्यंत सगळं मैदान, सगळा चिखल आमचा. कुणी वेळापत्रक छापलेलं नव्हतं, करार केलेला नव्हता. आभाळ भरून आलं की फुटबॉलचे दिवस आले, एवढं सगळ्यांना कळायचं.

मुंबईत ही वाटणी अशीच चालत आली. पावसाळ्यात फुटबॉल, पाऊस ओसरला की क्रिकेट. १९४८ पासून भर पावसात खेळली जाणारी कांगा लीग आहेच, पण तो मुंबईच्या क्रिकेटने मुद्दाम जपलेला अपवाद. बाकी एका मैदानावर दोन खेळ नांदायचे ते ऋतूंच्या भरवशावर. आज याविषयी बोलावंसं वाटलं, कारण व्यावसायिक फुटबॉल आला आणि ही वाटणी मोडली. १२ ऑक्टोबर २०१४ ला कोलकात्यात इंडियन सुपर लीग सुरू झाली. आधी ती ऑक्टोबर ते डिसेंबर चालायची, पुढे लांबत लांबत मार्चपर्यंत गेली. म्हणजे फुटबॉल पावसाळ्यातून उठला आणि थेट क्रिकेटच्या हंगामात येऊन बसला. मैदानं मात्र होती तेवढीच राहिली.

याचा सगळ्यात मोठा तंटा झाला तो केरळात. कोचीच्या कलूर भागात जवाहरलाल नेहरू स्टेडियम आहे. गोल आकाराचं, क्रिकेटला सोयीचं. १ एप्रिल १९९८ ला भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात तिथे एकदिवसीय सामना झाला आणि आपल्या सचिन तेंडुलकरने ३२ धावांत ५ बळी घेतले. पुढे २००५ मध्ये याच मैदानावर त्याने पाकिस्तानविरुद्ध पुन्हा ५ बळी घेतले. एकदिवसीय क्रिकेटमध्ये सचिनने डावात ५ बळी घेतले ते दोनदाच, आणि दोन्ही वेळा कोचीत.

मग २०१४ मध्ये केरळ ब्लास्टर्स हा फुटबॉल क्लब उभा राहिला आणि याच स्टेडियमात राहायला आला. पिवळे शर्ट घातलेली गर्दी, ढोल, झेंडे. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला, त्यातला ब्राझील आणि स्पेनचा सामना कोचीत रंगला. त्यासाठी तिथे जागतिक दर्जाची हिरवळ तयार केली होती. आणि जेमतेम पाच महिन्यांनी, मार्च २०१८ मध्ये, बातमी आली की १ नोव्हेंबरचा भारत-वेस्ट इंडीज एकदिवसीय सामना कोचीत घेण्याचा विचार चालू आहे. १ नोव्हेंबर म्हणजे ऐन फुटबॉलच्या हंगामात. म्हणजे मधली हिरवळ उकरायची, तिथे खेळपट्टी बसवायची, एक दिवस सामना खेळवायचा आणि मग पुन्हा गवत लावायचं.

केरळातले फुटबॉलवेडे पेटून उठले. इयान ह्यूम आणि सी. के. विनीत यांच्यासारखे खेळाडू उघडपणे बोलले. थिरुवनंतपुरमचे खासदार शशी थरूर बोलले. आणि सचिन तेंडुलकरही बोलला. कोचीतल्या हिरवळीला धक्का लागेल याची काळजी त्याने जाहीरपणे मांडली आणि क्रिकेट थिरुवनंतपुरमला, फुटबॉल कोचीला, असं दोघांनी सुखाने राहावं, असं सुचवलं. त्या वेळी ब्लास्टर्समध्ये त्याची मालकी होती, हे सांगायलाच हवं. तरीही, ज्या मैदानाने त्याला दोनदा पाच-पाच बळी दिले तिथे आता क्रिकेट नको, असं त्याने म्हणणं मला फार मोलाचं वाटतं.

अखेर सामना थिरुवनंतपुरमच्या ग्रीनफिल्ड स्टेडियमवर गेला. वेस्ट इंडीजचा डाव १०४ धावांत आटोपला, भारताने १५ षटकंही पूर्ण न खेळता तो जिंकला. आता गंमत पाहा. हे ग्रीनफिल्ड २०१५ च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधलेलं, आणि ३ जानेवारी २०१६ ला तिथेच भारताने अफगाणिस्तानला २-१ ने हरवून दक्षिण आशियाई फुटबॉल विजेतेपद मिळवलं होतं. म्हणजे केरळात दोन्ही शहरांनी दोन्ही खेळ पाहिले आणि मग आपापली घरं अदलाबदल करून घेतली. राज्यात दोन मोठी मैदानं होती म्हणून हे जमलं. जिथे एकच आहे तिथे काय करायचं?

त्याआधी, एका सामन्याने एवढं काय बिघडतं, असं कुणाला वाटेल. ते समजून घ्यायचं तर मातीकडे जावं लागेल. आपल्या शेतकरी श्रोत्यांना हे पटकन कळेल. क्रिकेटची खेळपट्टी असते चिकणमातीची. पाणी द्यायचं, सुकू द्यायचं, पुन्हा पुन्हा रोलर फिरवायचा, गवत अगदी मुळाशी कापायचं. जमीन जितकी टणक आणि घट्ट तितका चेंडू नीट उसळतो. फुटबॉलचं नेमकं उलट. वर हिरवळ दोन-अडीच सेंटिमीटर उंचीची, खाली वाळूचा थर, त्याखाली पाणी वाहून नेणारे पाइप. पाऊस पडला तर पाणी झटकन खाली उतरायला हवं. खेळाडूने वेगात वळताना बूट रोवला की जमिनीने तो धरून ठेवावा आणि पुढच्या क्षणी सोडून द्यावा. चिकणमाती पाणी धरून बसते, वाळू सोडून देते. या दोन जमिनी एकमेकींना खेटून बसवल्या की त्यांच्या सांध्यावर बॉल वेडावाकडा उडतो आणि गुडघे, घोटे दुखावतात. शिवाय खेळपट्टी कुठे येते? बरोबर मैदानाच्या मध्यभागी, फुटबॉलच्या मधल्या वर्तुळात, जिथे मधल्या फळीचे खेळाडू नव्वद मिनिटं पळत असतात. आणि गवत परत लावलं तरी त्याला मूळ धरायला आठवडे लागतात. वरून हिरवंगार दिसतं, पण पायाखाली गालिच्यासारखं सरकतं.

खेळाडूंचं हे झालं. प्रेक्षकांचं काय? फुटबॉलचं मोठं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. क्रिकेटची सीमारेषा मध्यापासून ७० मीटरवर धरली, तर साइडलाइनच्या मध्यासमोर बसलेला माणूस खेळापासून किमान ३६ मीटर लांब. गोलपोस्टच्या मागे बसलेला त्या मानाने जवळ, साडेसतरा मीटरवर. कडेने शर्यतींची धावपट्टी असलेल्या मैदानात हा हिशेब फिरतो. तिथे बाजूचे लोक जवळ येतात, पण गोलपोस्टच्या मागचे लोक वळणाच्या पलीकडे, ३५ मीटरच्याही पुढे फेकले जातात. पुण्याच्या बालेवाडीला एफसी पुणे सिटीचे सामने ज्यांनी पाहिले त्यांना मी काय म्हणतो ते आठवेल. फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त आरडाओरडा करणारे लोक गोलपोस्टच्या मागेच बसतात. त्यांचा आवाज खेळाडूंपर्यंत पोचावा लागतो. तो मध्येच विरला तर त्या मैदानात घरचं असं काही उरत नाही.

मी नवी मुंबईत राहतो. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम माझ्या रोजच्या वाटेवर आहे आणि दोन खेळांनी एकत्र कसं राहावं याचा मी पाहिलेला सगळ्यात चांगला नमुना तेच आहे. २०२२ हे एकच वर्ष घ्या. ६ फेब्रुवारीला तिथे महिलांच्या आशियाई फुटबॉल चषकाचा अंतिम सामना झाला. चीन दक्षिण कोरियाविरुद्ध ०-२ असा मागे होता आणि ३-२ ने जिंकला. बरोबर सात आठवड्यांनी, २७ मार्चला, तिथे आयपीएल सुरू झाली, साखळीतले २० सामने. मे महिन्यात ते संपले आणि पावसाळा लागला. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक आला, ३० तारखेला स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. आणि ११ डिसेंबरला त्याच मैदानावर क्रिकेटमध्ये भारत आणि ऑस्ट्रेलियाच्या महिलांनी १८७-१८७ अशी बरोबरी केली आणि सुपर ओव्हरमध्ये भारत जिंकला. एका वर्षात दोन्ही खेळ तिथे दोन-दोन वेळा येऊन गेले, म्हणजे मैदानाने तीनदा कूस बदलली. या प्रत्येक बदलाच्या मधे जमिनीला किमान चाळीस दिवस मिळाले. ज्या माळ्यांनी आणि ग्राउंड्समननी हे केलं त्यांची नावं कुठल्या धावफलकावर आली नाहीत, म्हणून आज रेडिओवरून मी त्यांना मनापासून नमस्कार करतो.

पण श्रोतेहो, एक फरक ध्यानात घ्या. हे सगळे सामने म्हणजे पाहुणे. महिनाभर राहिले, निघून गेले. व्यावसायिक क्लब पाहुणा नसतो, त्याला घर लागतं. दर दोन-तीन आठवड्यांनी घरचा सामना, सलग पाच-सहा महिने. अशा क्लबला दोन सामन्यांच्या मधे चाळीस दिवस कुठून देणार? मुंबई सिटी एफसी पहिली दोन वर्षं नेरूळलाच खेळली, पण २०१६ मध्ये अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरिनात गेली. जागा लहान, नेरूळच्या मानाने खूपच कमी लोक मावतात. पण तिथे बसल्यावर गोलरक्षकाने बचावपटूला मारलेली हाक ऐकू येते. मला विचाराल तर मी नेरूळचं स्टेशन सोडून लोकल बदलत अंधेरीला जाईन.

दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या क्लबचं काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. न्यूयॉर्क सिटी एफसी २०१५ पासून यांकी स्टेडियममध्ये खेळू लागली. ते बेसबॉलचं घर. मैदान कसंबसं बसवलेलं, रुंदी जेमतेम ६४ मीटर. लॅम्पार्ड, पिर्लो, डेव्हिड व्हिया यांच्यासारखे खेळाडू त्या अरुंद पट्टीवर खेळले. २०१९ मध्ये हा संघ आपल्या गटात पहिला आला, म्हणजे बाद फेरीचा सामना घरी खेळण्याचा मान त्याने कमावला होता. पण बेसबॉलची बाद फेरी त्याच सुमारास होती. फुटबॉलचा सामना शहरातल्या दुसऱ्याच बेसबॉल मैदानावर हलवावा लागला, आणि टोरांटोने तो २-१ ने जिंकला. अव्वल नंबर मिळवूनही ऐन वेळी घर नाही. त्या क्लबने आता क्वीन्स भागात स्वतःचं स्टेडियम बांधायला घेतलं आहे.

यावर तंत्राचा उपाय आहे का? आहे, पण तोही पैसा आणि शिस्त मागतो. मेलबर्नला मोठ्या साच्यात खेळपट्टी मैदानाबाहेर वाढवतात, क्रिकेट आलं की यंत्राने उचलून मैदानात बसवतात. सप्टेंबरअखेर त्यांच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा अंतिम सामना आणि २६ डिसेंबरला कसोटी, दोन्ही त्याच मैदानावर. मधे जवळजवळ तीन महिने मिळतात. त्या साच्यांइतकेच हे तीन महिने महत्त्वाचे आहेत, हे आपण विसरतो. गुवाहाटीत तर क्रिकेटचा प्रश्नच नव्हता. तरी २०१७ च्या विश्वचषकात पावसाने तिथलं मैदान इतकं खराब झालं की ब्राझील आणि इंग्लंडची उपांत्य लढत ऐन दोन दिवसांवर असताना कोलकात्याला न्यावी लागली.

गोव्याने हा प्रश्न हळूहळू सोडवला. मडगावच्या फातोर्ड्याला १९८९ पासून एकदिवसीय क्रिकेट व्हायचं. २४ ऑक्टोबर २०१० चा भारत-ऑस्ट्रेलिया सामना पावसात वाहून गेला, आणि त्यानंतर तिथे आंतरराष्ट्रीय क्रिकेट झालं नाही. आज ते एफसी गोवाचं घर आहे. फुटबॉल हा त्या राज्याचा अधिकृत खेळ आहे, तेव्हा ते शोभून दिसतं.

मुंबई परिसरात असं घर अजून झालेलं नाही. अंधेरीची जवळीक आणि नेरूळचा विस्तार एकत्र असलेलं, चौकोनी, फक्त फुटबॉलचं मैदान इथे व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. ते होईपर्यंत ज्या स्टेडियमात दोन खेळ राहतात तिथे हंगाम सुरू होण्याआधी वर्षाचं वेळापत्रक मांडावं आणि ते मांडताना मैदान राखणाऱ्या माणसाला त्या टेबलाशी खुर्ची द्यावी. हिरवळ कधी तयार होईल ते त्याला विचारावं आणि तो जी तारीख देईल ती पाळावी.

आता एक विनंती. पुढच्या वेळी अशा मैदानावर फुटबॉलचा सामना पाहायला गेलात, तर थोडे आधी पोचा. खेळाडू सरावाला उतरण्यापूर्वी मधल्या वर्तुळाकडे बघा. हिरव्याच्या दोन छटा दिसतील, एक जरा पिवळसर, आयताकृती. आणि तिथे बहुतेक एक माणूस ओणवा होऊन, गवताचा उपटलेला गड्डा पुन्हा जागेवर बसवून, पायाने हलकेच दाबत असेल.

नमस्कार.