सर रिटायर झाले, आता ग्राउंडवर कोण?

नमस्कार मंडळी. आज ग्राउंडवरचं बोलायचंय, पण ज्यांचा पळण्याबिळण्याशी संबंध नाही त्यांनीपण रेडिओ बंद करू नका, कारण विषय तुमच्याच घरातल्या पोरापोरींचा आहे.

ज्यांच्या घरात कोण शाळा-कॉलेजात नोकरीला आहे त्यांना 31 मे म्हंजे काय ते माहितीय. पूर्वी पोरगं शाळेत घालताना जन्मतारीख कुणाला आठवायची नाही, मास्तर 1 जून लिहून टाकायचे, त्यामुळं अख्ख्या पिढीच्या पिढ्या 31 मेला रिटायर होतात. शाल, श्रीफळ, फेटा, भाषणं, जेवण. आणि त्यातच कुठल्या तरी कॉलेजचे जिमखान्याचे सर असतात, ज्यांच्या हाताखालनं निम्मं पोलीस खातं आणि मिलिटरीतली गावोगावची पोरं गेलेली असतात. फेटा उतरला की पंधरा दिवसांत ॲडमिशन सुरू होतात, मग ट्रायल्स लागतात, आणि तेव्हा कळतं की ग्राउंडवर शिट्टी घेऊन उभं राहायला माणूसच नाही.

मी अशाच एका सरांच्या हाताखाली पळलेय. 400 आणि 800 मीटर. सर रिटायर झाले तसं सगळीकडं एकच सुरू झालं, सरांच्या जागी कोण, सरांसारखा कुठनं आणायचा. मला वाटतं हा प्रश्नच चुकतोय. आधी हे बघा की सर नेमकं काय काय करत होते, कारण कॉलेजच्या कागदावर जे लिहिलंय त्याच्या बाहेरचंच जास्त करत होते.

आता बघा, पहाटे साडेपाचला ग्राउंड. पावसाळ्यात आपल्या इथं ग्राउंडचं काय होतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको, जूनपासनं नुसता चिखल, आणि झोनल, म्हंजे कॉलेजा-कॉलेजांतल्या विभागाच्या स्पर्धा, तर पाऊस सरता सरता येऊन ठेपतात, मग सर पोरांना डांबरी रस्त्यावर काढायचे, रविवारी जोतिबाच्या चढाला न्यायचे, आणि जरा उघडीप मिळाली की स्वतः दोरी ताणून, फक्कीचा डबा हातात घेऊन लेन आखायला बसायचे. दुपारी परत पावसाची सर आली की सगळी फक्की वाहून जायची आणि दुसऱ्या दिवशी परत आखणी. शिपाई होता की कॉलेजला, पण वळणावरचा स्टॅगर, म्हंजे बाहेरच्या लेनवाल्याला किती पुढं उभा करायचा ते, त्याला कोण सांगणार? पूर्ण 400 मीटरच्या शर्यतीला दुसऱ्या लेनवाला पहिल्याच्या 7 मीटर 4 सेंटिमीटर पुढं उभा करायचा, तिसऱ्या लेनवाला 14 मीटर 70, हे आकडे सरांच्या तोंडपाठ होते. चुकीच्या स्टॅगरवर वर्षभर पळालं तर मनातलं टायमिंग सगळं खोटं ठरतं आणि स्पर्धेत गेल्यावर पोरगं म्हणतं, मला आज काय झालं कुणास ठाऊक.

गगनबावड्याकडची एक पोरगी होती आमच्यात. 800 काय पळायची! पण प्रॅक्टिस संपवून रंकाळा स्टँडवरनं गाडी धरायची, मग अंधारात फाट्यावर उतरून घरापर्यंत चालत जायचं, वडील म्हणाले हे काय जमायचं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं हो, कुठला बाप तयार होईल? सर सरळ त्यांच्या घरी गेले, सोबत काकूंना घेऊन गेले. चहा झाला. भात कसा आहे, ऊस कुठल्या कारखान्याला घालता, असं सगळं बोलणं झालं, खेळाचं अक्षर काढलं नाही, आणि उठताना दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "पाव्हणं, पोरीची हॉस्टेलची सोय मी बघतो, दर शनिवारी गाडीत बसवून मीच तुम्हाला फोन करतो." आणि खरंच करायचे, प्रत्येक शनिवारी. ती पोरगी आज वर्दीत आहे.

हे काम कुठल्या जाहिरातीत लिहिणार तुम्ही? पात्रता: अमुक डिग्री, तमुक परीक्षा, आणि पोरीच्या बापाला विश्वास वाटला पाहिजे?

आणखी एक. ग्राउंडवर दोन तऱ्हेची पोरं येतात. काही मेडलसाठी येतात आणि बरीचशी भरतीसाठी, पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800, तेवढं निघालं की बास. काही लोकांना भरतीची पोरं म्हंजे गर्दी वाटते. सर तसं कधीच म्हणाले नाहीत. घरात पगार येणं ही पहिली गरज आहे हे त्यांना माहीत होतं, आणि भरतीसाठी आलेल्या गर्दीतनंच त्यांनी कितीतरी चांगले रनर हेरले. कुणाला कधी थांबवायचं, कुणाच्या नडगीला सूज आहे, कोण उपाशी आलंय, कोणत्या पोरीला या आठवड्यात जड रनिंग द्यायचं नाही, हे सगळं एका लांबुडक्या वहीत असायचं. प्रत्येकाचं पान वेगळं. तारीख, टायमिंग, पाऊस होता का, झोप झाली होती का, सगळं.

मला राग कशाचा येतो माहितीय? चार्ज देताना कॉलेजनं सरांकडनं डेडस्टॉक रजिस्टरप्रमाणं सगळं मोजून घेतलं. भाले किती, गोळे किती, थाळ्या किती, हर्डल्स किती मोडके किती धड, कपाटाच्या किल्ल्या. वही कुणी मागितली नाही. ती आजपण सरांच्या घरात कपाटावर पडून आहे. आणि सरांच्या जागी? ॲडिशनल चार्ज. दुसऱ्या विषयाच्या एका सरांकडं, जे बिचारे स्वतःचे तास, परीक्षा, पेपर तपासणी बघून उरलेल्या वेळात जिमखाना उघडतात. त्यांना दोष देणं बरोबर नाही, ते रात्रंदिवस राबले तरी पहाटेचं ग्राउंड त्यांच्याच्यानं होणार नाही.

आता कोण म्हणेल, मोठा माणूस गेला की असं होतंच. होतं, मान्य आहे, आणि जिथं पैशाला तोटा नाही तिथंपण होतं. अमेरिकेत युसीएलए नावाची युनिव्हर्सिटी आहे, तिथं जॉन वुडन म्हणून बास्केटबॉलचे कोच होते, 1948 पासून 1975 पर्यंत. शेवटच्या 12 सीझनमध्ये 10 वेळा नॅशनल चॅम्पियन! हा माणूस पहिल्या दिवशी खेळाडूंना काय शिकवायचा तर मोजे कसे घालायचे, सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की प्रॅक्टिस बुडते म्हणून. आमचे सर बुटाच्या नाड्या तपासायचे, तेच हे. तर वुडन रिटायर झाले आणि त्यांच्या जागी जीन बार्टो आले. दोन वर्षांत 52 मॅच जिंकले, फक्त 9 हरले. आणि तरीसुद्धा दोन वर्षांतच सोडून गेले, कारण कितीही जिंका, लोकांच्या तोंडात वुडनच. त्यानंतर आजपर्यंत त्या टीमला चॅम्पियनशिप मिळाली ती एकदाच, 1995 ला.

फुटबॉलवाल्यांना तर लांबचं उदाहरण नकोच. शाहू स्टेडियमला पाटाकडील, दिलबहार, खंडोबा म्हणून ओरडणारी आपली पोरं रात्री जागून मँचेस्टर युनायटेडपण बघतात. त्यांचे मॅनेजर फर्ग्युसन 2013 ला रिटायर झाले, 13 लीग टायटल देऊन, आणि स्वतः निवडून दिलेला डेव्हिड मोयेस दहा महिने टिकला. लीग त्यानंतर त्यांच्याकडं आलेली नाही.

पण उलटं पण घडलंय की. अमेरिकेतल्याच ड्यूक युनिव्हर्सिटीत माइक शेशेव्स्की 42 वर्षं बास्केटबॉलचे कोच होते, त्यांनी 2021 ला, म्हंजे निवृत्तीच्या एक सीझन आधीच सांगून टाकलं की पुढच्या वर्षी मी थांबतो आणि माझ्या जागी जॉन शायर येणार. हा शायर कोण? त्यांच्याच टीममधनं 2010 ला चॅम्पियन झालेला खेळाडू, नंतर त्यांच्याच हाताखाली असिस्टंट. शेवटचं वर्षभर सगळ्यांना माहीत होतं की पुढचा माणूस हा आहे, नवीन खेळाडू आणायचं कामपण त्याच्याकडं आलं होतं. 2025 ला ड्यूक नॅशनल चॅम्पियनशिपच्या सेमीफायनलला होती.

यात अमेरिकेचं कौतुक करायचं कारण नाही, आपल्या तालमीत हे कधीपासनं चालत आलंय. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत घडलेले हिंदकेसरी गणपतराव आंदळकर पुढं त्याच मोतीबागेत वस्ताद झाले. पैलवान असतानाच माणूस धाकट्या पोरांना डाव दाखवत असतो, जोर काढून घेत असतो, त्याला वेगळं ट्रेनिंग द्यायला लागत नाही, वस्ताद थकले की तालमीला कळलेलं असतं की आता कुणाचा शब्द चालणार. आणि तालीम असते पेठेची. लाल माती, तेल, लिंबू, हळद, ताक, कुणी ना कुणी आणून देतं. राजर्षी शाहू महाराज 1922 ला गेले, कुस्तीचा तेवढा मोठा आधार गेला, तरी कोल्हापुरातली कुस्ती बसली नाही, कारण महाराजांनी 1912 ला खासबागेचं कुस्ती मैदान बांधून ठेवलं होतं आणि तालमी उभ्या होत्या. महाराज गेल्यावर 30 वर्षांनी, 1952 ला, हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. त्यांना तिकडं पाठवायला पैसे कमी पडत होते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले होते. प्राचार्यांनी, बरं का. जिमखान्याच्या सरांवर सोडून ते आपल्या खुर्चीत बसून राहिले नव्हते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की सरांच्या डोक्यात आणि खिशात जे होतं ते कॉलेजचं झालं पाहिजे, आणि ते सर नोकरीत असतानाच झालं पाहिजे. रिटायरमेंटची तारीख काय अचानक येत नाही, नोकरीला लागल्या दिवशीच सगळ्यांना माहीत असते! दोन वर्षं आधी एक तरुण सर किंवा मॅडम त्यांच्यासोबत ग्राउंडवर उभे करा, जमलं तर त्यांच्याच हाताखाली खेळलेलं कोणतरी. माझं मत विचाराल तर मॅडम असाव्यात, कारण आता ग्राउंडवर मुली खूप येतात आणि प्रत्येक गोष्ट सरांना सांगता येत नाही, आम्ही कितीतरी दुखणी अंगावर काढलीत नुसतं सांगायची लाज वाटली म्हणून. पद पूर्ण वेळ भरा. सरकारकडनं मान्यता यायला उशीर होतो हे मलाही माहितीय, संस्थाचालक काही मुद्दाम करत नाहीत सगळे, पण गॅदरिंगच्या मांडवाला पैसे निघतात तर एका कोचच्या मानधनाला का निघू नयेत? आणि ती वही मागून घ्या. सर हसत देतील.

माजी खेळाडूंनापण सांगते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सरांचे फोटो टाकून, डोळ्यांत पाणी आलं असं लिहून झालं, आता सुट्टीवर गावाकडं याल तेव्हा एक सकाळ ग्राउंडवर या. तुमचा जुना स्पाइक शूज कुणाच्या तरी पायाला बसेल. कुणी डॉक्टर झालंय, कुणी एसटीत आहे, कुणी हॉस्टेल चालवतंय, सर एकटे जे जे जमवायचे त्यातलं एक-एक प्रत्येकानं उचललं तरी नवीन माणसाला श्वास घेता येईल.

आणि नवीन माणूस येईल तेव्हा त्याला पहिल्याच झोनलला सरांशी तोलू नका. ऑफिसच्या बाहेर उभं राहून "सरांच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य तर बोलूच नका, ज्याला बोलायचंय त्यानं सकाळी साडेपाचला येऊन फक्की मारावी. सरांनापण माझी हात जोडून विनंती आहे. ग्राउंडवर या, रोज या, पोरं तुमच्या पाया पडतील, पण नवीन मॅडमनी दिलेला वर्कआउट बाजूला उभं राहून बदलू नका, त्यांनी विचारलं तर सांगा. तुम्ही शिकवलेल्या पोरांना हे अवघड वाटणार नाही, तुम्हाला मात्र वाटेल, ते मी समजू शकते.

आपला शिवाजी विद्यापीठाचा हा भाग, कोल्हापूर, सांगली, सातारा, इथं पळणाऱ्यांची खाण आहे मंडळी. साताऱ्यात माण तालुक्यातल्या मोहीसारख्या दुष्काळी गावातली ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या फायनलला गेली, पी. टी. उषांच्या 1984 नंतर ट्रॅकवर फायनल गाठणारी पहिली भारतीय बाई, आणि 10 वी आली. अशी पोरगी यंदासुद्धा कुठल्या तरी गावातनं बारावी होऊन कॉलेजला येणार आहे. ती ट्रायलला आली तर तिच्या वडिलांशी बोलायला कोण जाणार, हे तुमच्या कॉलेजात आताच ठरवून ठेवा.

ज्यांची पोरं यंदा फर्स्ट इयरला आहेत त्यांनी जिमखान्यात जाऊन नुसतं एवढं विचारा, ट्रायल्स कधी आहेत आणि घेणार कोण. नाव सांगितलं तर चांगलंच, नाही सांगितलं तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन परत विचारा. पाच-दहा पालक एकत्र गेलात तर आणखी बरं.

नमस्कार.