पेंढा भरलेल्या वाघाखालची चिठ्ठी वाचा! | पुण्यातली संग्रहालयं

नमस्कार मंडळी! आज मी उभी आहे घोले रोडवर आणि मागे दिसतंय ते महात्मा फुले वस्तुसंग्रहालय. पुण्यात राहणाऱ्यांपैकी किती जण आत गेलायत? पाहुणे आले की शनिवारवाडा, केळकर संग्रहालय आणि येताना बाकरवडी हा राउंड ठरलेला असतो, पण हे १८९० सालचं संग्रहालय, आधी लॉर्ड रे यांच्या नावानं ओळखलं जायचं, जंगली महाराज रोडपासून चालत दोन-तीन मिनिटं, आणि आपण सिग्नल सुटायची वाट बघत रोज समोरून जातो. मी स्वतः शाळेच्या सहलीनंतर थेट गेल्या वर्षी गेले.

आत कलाकुसर, शेती-उद्योगधंद्याचे नमुने आणि प्राणी-पक्षी सगळं एका छपराखाली आहे. आजकाल लोकांना हे विचित्र वाटतं, इतिहास वेगळा, प्राणी वेगळे, असं कसं एकत्र? मला उलट हेच बरोबर वाटतं, कारण माणूस आणि जनावर एकाच माळावर, एकाच नदीकाठी राहिले ना, मग त्यांची गोष्ट वेगळी कशी सांगणार?

तर आता मुद्द्याचं. आपण आत गेलो की आधी काय बघतो? पेंढा भरलेला वाघ. मुलं ओरडतात, फोटो, पुढे. पण त्याच्या खाली जी छोटी चिठ्ठी असते ना, नाव, जागा आणि साल, ती खरी किमतीची. कुठे सापडला आणि कधी, हे लिहिलेलं नसेल तर ते फक्त कातडं. लिहिलेलं असेल तर तो पुरावा झाला, की बाबा या गावाजवळ, या साली, हा प्राणी होता.

उदाहरण देते, आपल्या मुळा-मुठेचंच. कर्नल साइक्स म्हणून कंपनी सरकारचा एक अधिकारी होता, १८२० च्या दशकात दख्खनभर फिरून माहिती गोळा करायचा, पिकं किती, माणसं किती, आणि सोबत पक्षी, मासे, जनावरं, सगळंच. आपल्या रानकुत्र्याला त्यानं १८३१ साली शास्त्रीय नाव दिलं त्यात 'डुखुनेन्सिस' असा शब्द आहे, म्हणजे दख्खनचा! आणि १८३९ साली त्यानं एका महसीर माशाची नोंद केली, आज त्याला टॉर खुद्री म्हणतात, आणि तो 'खुद्री' शब्द इथल्याच लोकांच्या तोंडून घेतलेला. जागा काय लिहिलीये? मुळा-मुठा नदी, पुण्याच्या पूर्वेला साधारण ८ मैल. म्हणजे आजच्या मांजरीच्या आसपास कुठेतरी. जगात कुठेही कोणी या माशाचा अभ्यास करायला बसला की पहिली जागा येते ती आपल्या नदीची. आता जरा बंडगार्डनच्या पुलावर जाऊन खाली बघा. मला तर तिथे उभं राहवत नाही, खरंच. पण ती नोंद आहे म्हणून आपण ठामपणे सांगू शकतो की या पाण्यात महसीर होता, कोणी म्हणू शकत नाही की छे, नदी पहिल्यापासून अशीच घाण.

आता येरवड्याला चला, डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे, तिथे १९६८ ते १९८३ उत्खनन झालं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही पुरातत्त्वज्ञ मंडळी होती. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव! बार्ली पिकवायचे, नदीचं पाणी वळवायला पाट काढलेला, लहान मूल गेलं की दोन रांजणांची तोंडं जुळवून त्यात, घरातच जमिनीखाली पुरायचे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे जाऊ शकले नाही, कोणीतरी आई तीन हजार वर्षांपूर्वी लेकराला घराबाहेर ठेवायला तयार नव्हती असंच मला वाटलं. आणि त्याच मातीत जनावरांची हाडं निघाली, गाई-बैलांची, शेळ्या-मेंढ्यांची आणि हरणांचीही. म्हणजे त्यांचं जेवण, त्यांचे गोठे आणि आजूबाजूचं रान, तिन्ही एका खड्ड्यात. आता सांगा यात इतिहास कुठे संपतो आणि वन्यजीव कुठे सुरू होतो?

झाडांचंही तेच. शिंदळ माकुडी, जुन्नरकडच्या कड्यांवर खडकाला धरून वाढणारी बुटकी वनस्पती, मांसल खोड, गडद लालसर फूल त्यावर पिवळी नक्षी. शिवनेरीवर आपण महाराजांचा पाळणा बघायला जातो आणि ही त्याच भागातली, जगात फक्त सह्याद्रीत मिळते, अतिशय दुर्मिळ झालीये. (कोणी दाखवली तरी उपटू नका, प्लीज, कुंडीत लावायला तर अजिबात नाही.)

बरं, पेंढ्याचं सांगायचं राहिलं. जुन्या काळी कातडं टिकावं म्हणून आतून आर्सेनिक चोळायचे, विषच ते. म्हणून काचेच्या बाहेर असलेल्या जुन्या जनावराला हात लावू नका, मुलांना तर लावूच देऊ नका. दुसरा शत्रू म्हणजे कातडं आणि पिसं खाणारे बारीक किडे आणि तिसरा उजेड, उन्हानं रंग उडतो, म्हणून अशा दालनात जरा अंधार असतो, कंजूषपणा नसतो तो. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद, त्यामुळे जुने नमुने गेले की तसे परत येणार नाहीत. एका संग्रहालयात, नाव घेत नाही, मी एका सुंदर गरुडाखाली नुसतं 'पक्षी' लिहिलेलं बघितलं. जागा नाही, साल नाही. वाईट वाटलं हो, कोणीतरी कधीतरी लिहिलं असणार, ती चिठ्ठी पडली आणि कोणी उचललीच नाही.

आमचे आप्पा पुरंदरकडचे. ते सांगायचे की माळावर धनगरांचे तळ पडले की मागोमाग लांडगे यायचे, एखादं कोकरू जायचं, पण धनगर म्हणायचे त्याचा वाटा आहे तो. मी हे कधी लिहून घेतलं नाही. कुठला माळ, कुठलं साल, काहीच नाही, आणि आता आप्पा नाहीत.

म्हणून तुमच्याकडे एकच काम आहे. घरात आजी-आजोबा असतील तर आज विचारा, तुमच्या लहानपणी गावात कुठलं जनावर, कुठला पक्षी, कुठला मासा दिसायचा? आणि खाली कमेंटमध्ये तीनच गोष्टी लिहा, नाव, जागा, साल. साल नक्की आठवत नसेल तर 'दुष्काळाच्या वर्षी', 'पानशेत फुटलं त्याच्या आधी' असंही चालेल, १९६१ आम्ही लावून घेऊ. महसीर बघितलेलं कोणी असेल तर जरूर लिहा.

पहिली माझी. लांडगा, एक, सासवडच्या पुढचा माळ, जानेवारी २०२४, उजाडताना.