उलाळ होऊ नये म्हणून

(दृश्य : अर्धवट अंधारातलं वर्कशॉप. वेल्डिंगचा झोत, ठिणग्या. काच खाली घेतलेला माणूस.)

दीड मीटर लांबीचा हौदा, दोन चाकं, पुढे निमुळता होत गेलेला दांडा आणि दांड्याच्या टोकाला, गाडीमागच्या लोखंडी बॉलवर बसणारा कपलर. छोट्या गाडीमागे जोडायचा ट्रेलर म्हणजे एवढंच. लोखंड कापता येत असेल आणि वेल्डिंगला हात बसलेला असेल, तर चार-पाच सुट्ट्यांत तो उभा राहतो.

तो रस्त्यावर सरळ चालेल की नाही, हे मात्र पहिली ठिणगी उडण्याआधीच ठरतं. जमिनीवर खडूने आखणी होते तेव्हा.

(दृश्य : फरशीवर खडूची आखणी. मेजपट्टी. ॲक्सलच्या जागी मारलेली आडवी रेघ.)

ही रेघ बघा. दोन्ही चाकांना जोडणारा ॲक्सल इथे येणार आहे. हौद्याच्या पुढच्या कडेपासून ९० सेंटिमीटरवर, म्हणजे मागे उरले ६० सेंटिमीटर. पहिल्यांदा ट्रेलर बनवणारा बहुतेक वेळा ॲक्सल अगदी मधोमध घेतो. दिसायला ते नीट दिसतं, रिकामा ट्रेलर हाताने ढकलायलाही हलका जातो. पण माल भरताना थोडं जरी मागे सरकलं, की तोल गेला.

आपल्या भाषेत या चुकीला केव्हापासून शब्द आहे. बैलगाडीत माल मागच्या बाजूला जास्त झाला, की गाडी 'उलाळ' झाली असं म्हणतात. जू वर उचललं जातं, बैलाच्या गळ्याला फास बसू लागतो. गाडीवान चार पावलांत ओळखतो, खाली उतरतो आणि पोती पुढे ओढतो. मोटारीला गळा नाही. उलाळ झालेला ट्रेलर ती मुकाट्याने ओढत राहते, वेग वाढेपर्यंत.

(दृश्य : ट्रेडमिलचा पट्टा. त्यावर खेळण्यातल्या गाडीएवढी लाकडी गाडी, मागे लाकडी ट्रेलर, ट्रेलरवर सरकवता येणारं वजन.)

हा प्रयोग टेबलावर करता येतो. पट्टा फिरतोय, गाडी जागेवर धरून ठेवली आहे. वजन ॲक्सलच्या पुढे आहे. आता ट्रेलरला बोटाने बाजूला टिचकी मारली. एकदा हलला, दोनदा हलला, सरळ झाला.

आता तेच वजन ॲक्सलच्या मागे. वेग तोच, टिचकीही तेवढीच.

(निवेदन थांबतं. पट्ट्याचा आवाज. ट्रेलर डोलू लागतो, प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा. गाडी आडवी होते.)

वजन पुढे असलं की चाकांच्या रबराची पकड शेपटीला मधे ओढून आणते. वजन मागे असलं की तेच वजन झोक्यासारखं बाहेर जातं आणि दर वेळी थोडं जास्त जातं. वेगाचाही यात मोठा वाटा आहे. वेग वाढत जातो तसं डोलणं थांबायला जास्त वेळ लागतो, आणि एका मर्यादेनंतर ते थांबतच नाही. खऱ्या रस्त्यावर ही टिचकी म्हणजे शेजारून जाणाऱ्या ट्रकचा वारा, एखादा खड्डा किंवा अचानक बदललेली लेन.

(दृश्य : तेच चित्र पुन्हा, संथ गतीत.)

डोलणं सुरू झालंच तर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. स्टिअरिंग घट्ट धरून सरळ ठेवायचं. हेलकाव्यांच्या उलट वळवत बसायचं नाही, ब्रेकवर उभं राहायचं नाही आणि वेग वाढवून ट्रेलर सरळ करायला तर अजिबात जायचं नाही. वेग आपोआप उतरू द्यायचा, थांबायचं आणि माल पुन्हा रचायचा.

(दृश्य : वर्कशॉपबाहेर. घरातला साधा वजनकाटा, त्यावर उभा धरलेला लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर टेकवलेला कपलर.)

माल बरोबर भरला की नाही, हे बघायला अंघोळीआधी आपण ज्यावर उभे राहतो तो काटा पुरतो. ट्रेलर सपाट जमिनीवर हवा, चाकांना आडवे ठोकळे हवेत आणि कपलर गाडीला जोडल्यावर जितक्या उंचीवर असतो तितक्याच उंचीवर टेकवलेला हवा. उंची बदलली की आकडाही बदलतो.

या ट्रेलरचं मालासकट वजन ३०० किलो आहे. काटा २४ दाखवतोय. म्हणजे ८ टक्के भार पुढे, कपलरवर आहे. अमेरिकेत हा भार साधारण १० ते १५ टक्के ठेवायला सांगतात, युरोपात त्याहून कमी, ५ ते ७ टक्क्यांच्या आसपास. गाड्यांची, बॉलची आणि वेगमर्यादांची पद्धत दोन्हीकडे वेगळी आहे. वरची मर्यादा मात्र तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत आणि बॉलच्या जोडणीवर लिहिलेली असते, ती ओलांडायची नाही. पुढे फार जड झालं, तर गाडीची मागची बाजू दबते आणि पुढच्या चाकांची पकड सुटू लागते.

(दृश्य : दोन माणसं हौद्यातली पेटी मागे सरकवतात. काट्याचा आकडा जवळून.)

आता ही ५० किलोची पेटी फक्त ६० सेंटिमीटर मागे नेली. बॉलपासून ॲक्सलपर्यंतचं अंतर दोन मीटर आहे. पन्नास गुणिले साठ, भागिले दोनशे. पंधरा किलो. काटा २४ वरून ९ वर आला. तेवढीच दुसरी पेटीही मागे नेली.

(दृश्य : कपलर ठोकळ्यावरून उचलला जातो. काटा शून्यावर. कोणीतरी पटकन दांडा दाबून धरतं.)

दोन पेट्या, साठ-साठ सेंटिमीटर. ट्रेलरचं एकूण वजन एका किलोनेही वाढलेलं नाही.

(दृश्य : पुन्हा आत. दोघं सांगाड्याचे कर्ण मोजताना.)

सांगाडा टाके मारून उभा केला की पक्कं वेल्डिंग करण्याआधी दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. मग बॉलच्या मध्यापासून ॲक्सलच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंत मेजपट्टी ताणायची. इथेही आकडे जुळलेच पाहिजेत. नाही जुळले, तर ट्रेलर आयुष्यभर तिरका चालेल आणि टायर एका बाजूने झिजतील. हा माणूस चौथ्यांदा मोजतोय. आम्ही शूटिंगसाठी सांगितलं म्हणून नव्हे, तो नेहमीच इतक्या वेळा मोजतो.

(दृश्य : दांडा सांगाड्याखालून मागे गेलेला. बोट त्या जागेवर.)

सगळ्यात जास्त ताण पडतो तो इथे, दांडा हौद्याच्या पुढच्या आडव्या पट्टीला भेटतो त्या जागी. घरी बनवलेल्या ट्रेलरमध्ये दांडा बऱ्याचदा या पट्टीला नुसता चिकटवलेला असतो. वेल्डिंग वरून छान दिसतं, आत लोखंड नीट वितळलेलं नसतं. प्रत्येक खड्ड्यात ते थोडं वाकतं, आणि मग एके दिवशी केसाएवढी चीर पडते. तिच्यावर रंग मारला की ती दिसतही नाही. इथे दांड्याचे दोन्ही चौकोनी पाइप पट्टीपाशी संपवलेले नाहीत. ते खालून पार स्प्रिंगच्या पाट्यांच्या कड्यांपर्यंत नेले आहेत. पाइप दुप्पट लागला. स्वतःच्या वेल्डिंगबद्दल ज्याच्या मनात जरा जरी शंका असेल, त्याने हा जोड तरी हात बसलेल्या वेल्डरकडून करून घ्यावा.

(दृश्य : बॉल आणि कपलर शेजारी शेजारी. बॉलवर कोरलेला आकडा.)

युरोपातला बॉल ५० मिलिमीटरचा. अमेरिकेत दोन इंच चालतो, म्हणजे ५०.८. फरक मिलिमीटरहूनही कमी असल्याने हाताला कळत नाही. पण मोठ्या बॉलसाठी घडवलेला कपलर लहान बॉलवर सैल बसतो, आणि सैल कपलर उडतो. आकडा दोन्हींवर कोरलेला असतो. वाचून घ्यायचा.

(दृश्य : कपलर बसतो, कडी लागते. जॅक दांड्याखाली. जॅक वर येतो तशी गाडीची मागची बाजूही वर येते.)

कपलर बसल्याची खात्री अशी करायची. दांडा जॅकने उचला. गाडी सोबत उचलली गेली पाहिजे. नुसता दांडाच वर आला, तर कडी लागल्याचा तो फक्त आवाज होता.

(दृश्य : दोन साखळ्या, दांड्याखाली फुली.)

साखळ्या दांड्याखाली फुली करून लावायच्या. कपलर निसटलाच, तर दांडा या फुलीच्या झोळीत पडतो, टोक रस्त्यात रुतत नाही. वळताना ताणल्या जाणार नाहीत इतक्या लांब हव्यात, रस्त्याला घासणार नाहीत इतक्या आखूड.

(दृश्य : संध्याकाळ. ट्रेलरचे मागचे दिवे. डावा इंडिकेटर लावला की सगळेच दिवे मंद लुकलुकतात.)

मागून येणाऱ्याला गाडीचे दिवे ट्रेलरआड दिसत नाहीत. त्याच्यासाठी फक्त हेच दिवे आहेत. एक इंडिकेटर लावला आणि बाकीचे दिवेही लुकलुकू लागले, तर बल्ब बदलत बसू नका, अर्थिंग तपासा. इथे अर्थिंगची वायर नव्हतीच. परतीचा प्रवाह बॉलमधून जात होता, आणि बॉलवर ग्रीस आणि गंज दोन्ही असतात. प्लगपासून प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र पांढरी वायर ओढली.

(दृश्य : आता फक्त डावा इंडिकेटर. स्वच्छ, एका लयीत. मागे दोन लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर.)

कायद्याचं थोडक्यात. घरी बनवला म्हणून ट्रेलरला कुठेही सूट मिळत नाही. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरची स्वतंत्र व्याख्याच आहे, आणि मोटारीने ओढायचं वाहन कुठे बनलं हे ती विचारत नाही. ब्रिटनमध्ये ब्रेक नसलेला ट्रेलर मालासकट ७५० किलोपर्यंत आणि ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्म्यापर्यंतच चालतो, यातली जी मर्यादा कमी असेल ती धरायची. ट्रेलर जोडला की वेगमर्यादाही बदलते : जर्मनीत सर्वसाधारणपणे ताशी ८० किलोमीटर, कॅलिफोर्नियात ताशी ५५ मैल. अमेरिकेतली बरीच राज्यं घरी बनवलेल्या ट्रेलरला स्वतःकडून ओळख क्रमांक देतात. तुमच्याकडचा नियम परिवहन कार्यालयातून लेखी घ्या, आणि तोही खडूची रेघ मारण्याआधी. रुंदी, दिव्यांची उंची, मडगार्ड, ब्रेक हे सगळं त्या कागदावरून ठरतं, आणि वेल्डिंग झाल्यावर रुंदी कमी करता येत नाही.

(दृश्य : मोकळं मैदान. ट्रेलर मागे घेण्याचा सराव. तो पुन्हा पुन्हा कोनात अडकतो.)

ट्रेलर आखूड असला की मागे घेताना फार लवकर दुमडतो. एक युक्ती कामी येते. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. मग हात ज्या बाजूला जाईल, त्याच बाजूला ट्रेलरची शेपटी जाते. वळवायचं अगदी थोडं, थांबत थांबत. दुमडू लागला की ओढाताण करायची नाही, पुढे जाऊन सरळ व्हायचं आणि पुन्हा यायचं.

(दृश्य : सहावा प्रयत्न. ट्रेलर दोन डब्यांच्या मधून सरळ आत जातो. निवेदन नाही.)

(दृश्य : पहाटेचा रस्ता. माल भरलेला, ताडपत्री आवळलेली. आरशातून दिसणारा ट्रेलर.)

पहिला प्रवास. मोठ्या पेट्या ॲक्सलच्या किंचित पुढे, खाली, एकमेकींना चिकटून. हलकं सामान मागे आणि वर. टायरची हवा ट्रेलरच्या टायरवर लिहिलेली आहे, तेवढी. गाडीची हवा वेगळी. पुढच्या वाहनापासून रोजच्यापेक्षा दुप्पट अंतर, कारण ट्रेलरला ब्रेक नाहीत आणि त्याचे ३०० किलोही गाडीच्याच ब्रेकने थांबवायचे आहेत.

(दृश्य : रस्त्याकडेला थांबलेली गाडी. पाना. चाकाचे नट एकेक करून.)

ऐंशी किलोमीटर झाले. नवीन चाकांचे नट बसतात तसे थोडे ढिले पडतात, म्हणून ते समोरासमोरच्या जोड्यांनी पुन्हा आवळायचे. कपलरची कडी, साखळ्या, ताडपत्रीची दोरी, प्लग. शेवटी हब, म्हणजे चाकाचा मधला भाग. हाताची मागची बाजू आधी जवळ नेऊन बघायची, मग टेकवायची. बेअरिंग फार आवळलं असेल किंवा ग्रीस कमी असेल, तर हात ठेववत नाही.

(दृश्य : हबजवळ नेलेला हात, जवळून. हात टेकतो आणि तिथेच राहतो.)

डावं कोमट. उजवंही.