लष्करची मुलगी, श्यामची आई

नमस्कार मंडळी. आपल्या मंडळात पुण्या-मुंबईचे लोक जास्त आणि माझं माहेर ग्वाल्हेरच्या लष्कर ह्या भागातलं, त्यामुळे दर गणपतीत कोणीतरी प्रेमाने म्हणतंच, अहो तुम्ही एमपीच्या असून मराठी किती छान बोलता! म्हणून आज मी सिनेमातल्या अभिनेत्री वनमालाबाईंबद्दल बोलणारे.

वनमाला म्हणजे सुशीलादेवी पवार. जन्म १९१५ चा, उज्जैनचा, वाढल्या ग्वाल्हेरात. वडील कर्नल बापूराव पवार शिंदे सरकारात मोठ्या हुद्द्यावर. दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी पडली तिचंच पुढे लष्कर झालं, आणि तिथली सरदार घराणी म्हणजे काय विचारू नका, मानमरातब, पडदा, सगळं कडक. अशा घरातली मुलगी ग्रॅज्युएट झाली, पुण्याला जाऊन शाळेत शिकवायला लागली आणि आचार्य अत्र्यांच्या ओळखीतून सिनेमात गेली! १९४० ला लपंडाव, लगेच १९४१ ला सोहराब मोदींचा सिकंदर, त्यात पृथ्वीराज कपूर सिकंदर आणि ह्या रुखसाना, देशभर नाव झालं. वडिलांना मात्र हे अजिबात पटलं नाही. त्या काळी सरदाराच्या मुलीने तोंडाला रंग लावायचा म्हणजे घराण्याची अब्रू गेली असंच लोक समजायचे, तिने ते सगळं सोसून काम केलं ह्याचं मला फार मोठं वाटतं.

त्याच वर्षीच्या पायाची दासीमध्ये त्या सासुरवाशीण आणि दुर्गा खोटे खाष्ट सासू. बाकीचे सिनेमे सोडून देते, कारण मला यायचंय १९५३ वर. श्यामची आई. साने गुरुजींचं घर कोकणातलं, पालगडचं, आणि ती गरीब, मानी कोकणी आई उभी केली कोणी तर लष्करच्या ह्या सरदारकन्येने. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती शिमटीने मारते आणि नंतर तिचाच जीव तुटतो, तो सीन आठवा, त्यात कुठे मोठ्याने रडणं नाही की हातवारे नाहीत, सगळं डोळ्यांत आणि आवाजात. ही बाई महाराष्ट्राबाहेरची आहे असं कुणाच्या मनात तरी आलं का हो? पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत, १९५४ ला, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक ह्या मराठी सिनेमाला मिळालं, दो बिघा जमीनसारखा सिनेमा स्पर्धेत असताना!

पुढे त्यांनी सिनेमा सोडला, बरीच वर्षं वृंदावनात राहिल्या, आणि २००७ ला गेल्या त्या ग्वाल्हेरातच.

तर कमिटीला माझी विनंती आहे, पुढच्या कार्यक्रमात श्यामची आई दाखवूया. मुलांना नक्की आणा, ज्यांना मराठी कमी समजतं त्यांना माझ्या शेजारी बसवा, मी सांगत जाईन.