नोव्हेंबरातच सुरू होणारा नाताळ

मित्रहो, शिकागोमध्ये ९३.९ लाइट एफएम नावाचं एक रेडिओ स्टेशन आहे. एरवी त्यावर गेल्या तीन-चार दशकांतली, कुणालाही खटकणार नाहीत अशी इंग्रजी गाणी लागतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका दिवशी ती गाणी थांबतात आणि नाताळची सुरू होतात. मग पंचवीस डिसेंबरपर्यंत रात्रंदिवस नाताळची गाणी आणि मधेमधे जाहिराती, दुसरं काही नाही. थँक्सगिव्हिंगचा सण, म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, गाणी बदलतात तेव्हा अजून यायचा असतो. लॉस एंजेलिसमध्ये कोस्ट १०३.५ हेच करतं, न्यूयॉर्कमध्ये १०६.७ लाइट एफएम. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत असं एखादं तरी स्टेशन आहे. तुमच्यापैकी ज्यांची मुलं किंवा भावंडं न्यू जर्सीत, शिकागोत असतील, त्यांना विचारून बघा. किराणा घ्यायला जा, केस कापायला जा, दवाखान्यात नंबर लावून बसा, त्या दिवसांत कानावर हेच येतं.

आणि लोक पळून जात नाहीत. उलट श्रोत्यांमधला या स्टेशनांचा वाटा त्या काळात दुप्पट-तिप्पट होतो. वर्षभर यादीत मधेच कुठेतरी असणारं स्टेशन डिसेंबरात शहरात पहिलं येतं. म्हणून कुणी आधी बदल करायचा यावर चढाओढ लागते. तारीख गुप्त ठेवतात. शहरात अशा एका, फार तर दोन स्टेशनांपुरतीच जागा असते, आणि आधी येईल त्याचाच नंबर लोकांच्या लक्षात राहतो.

हे का होतं, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: लोकांना लहानपण आठवतं. ते खोटं नाही. पण लहानपण तर जुन्या सिनेमांच्या गाण्यांनीही आठवतं, त्यासाठी कुणी सात आठवडे अख्खं स्टेशन वाहून टाकत नाही. मला दुसरं कारण जास्त मोठं वाटतं. ही स्टेशनं एकट्यानं ऐकायची नाहीतच. ती चारचौघांत ऐकली जातात, आणि त्यांचं सगळं बळ तिथे आहे.

हे समजून घ्यायला श्रोते मोजतात कसे ते पाहावं लागेल. पूर्वी आर्बिट्रॉन नावाची कंपनी निवडक लोकांना एक डायरी पाठवायची. आठवडाभर काय ऐकलं ते त्यात लिहून परत धाडायचं. माणूस लिहिणार काय? आवडतं स्टेशन, नाव लक्षात असलेला निवेदक. दुकानात रांगेत उभं असताना वर छतातल्या स्पीकरवर काय चाललं होतं, ते कोण लिहून ठेवतो? मग २००७ पासून मोठ्या शहरांत डायरी जाऊन एक छोटं यंत्र आलं, पोर्टेबल पीपल मीटर. जुन्या पेजरएवढं. रेडिओ स्टेशन आपल्या आवाजातच एक खूण मिसळतं, ती माणसाच्या कानाला कळत नाही, पण कमरेला लावलेल्या त्या यंत्राला कळते. तुम्ही स्टेशन निवडलंय की नाही, तुम्हाला आवडतंय की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आवाज तुमच्यापर्यंत पोचला की नोंद झाली. पंधरा मिनिटांच्या तुकड्यातली पाच मिनिटं ऐकू आली तर तो अख्खा तुकडा त्या स्टेशनच्या नावावर. २०२५ पासून तर तीनच मिनिटं पुरतात. २०१३ मध्ये आर्बिट्रॉन नील्सन कंपनीनं घेतली आणि आता हे काम नील्सन करते. वर्षाचे चार-चार आठवड्यांचे तेरा भाग पाडतात, त्यातल्या शेवटच्या भागाचं नावच ‘हॉलिडे’ आहे.

आता दुकानाचा विचार करा. रेडिओ एक जण लावतो आणि पन्नास जण ऐकतात. लावणाऱ्याची पंचाईत असते की कुणाची तक्रार येऊ नये. रॉक लावलं तर म्हाताऱ्यांना त्रास, रॅप लावलं तर मुलांबरोबर आलेले आईबाप कुरकुरतात, राजकारणावरची चर्चा लावली तर भांडणच. डिसेंबरात मात्र एक असं स्टेशन असतं की ज्याला आजी आणि नात दोघी गुणगुणतात. ते लागतं आणि लागून राहतं. डायरीला हे दिसत नव्हतं, यंत्राला दिसलं. हा प्रकार यंत्रानं जन्माला घातला असं मी म्हणत नाही, तो त्याच्या बराच आधीचा आहे. माणसं एकत्र बसून केवढं ऐकतात, ते यंत्रानं उघड केलं एवढंच.

आधीचा म्हणजे केव्हाचा? याचं श्रेय बहुतेक वेळा ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरातल्या केझ ९९.९ या स्टेशनला दिलं जातं, काळ १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा. फीनिक्स वाळवंटात आहे, तिथे बर्फ पडत नाही. पुढे १९९६ च्या दूरसंचार कायद्यानं एका कंपनीनं किती स्टेशनं बाळगावीत यावरची देशपातळीची मर्यादा उठवली. क्लिअर चॅनलसारख्या कंपनीकडे हजारावर स्टेशनं जमा झाली. त्यामुळे एका शहरात जमलेली गोष्ट पुढच्या वर्षी वीस शहरांत जायला वेळ लागला नाही. आणि मग २००१ आलं. सप्टेंबरातल्या हल्ल्यांनंतरच्या त्या हिवाळ्यात कितीतरी स्टेशनं लवकर नाताळकडे वळली. बातम्या ऐकवत नव्हत्या, साधी मजेची गाणी लावणं बरं दिसत नव्हतं. नाताळची गाणी लावायला मात्र कुणाची हरकत नव्हती.

वाळवंटाचा उल्लेख मी मुद्दाम केला. या गाण्यांमधला बर्फ बराचसा उकाड्यात लिहिलेला आहे. ‘लेट इट स्नो’ हे गाणं १९४५ च्या जुलैत हॉलिवूडमध्ये, अंगाची लाही होत असताना लिहिलं गेलं. ‘व्हाइट ख्रिसमस’ लिहिणारे अर्व्हिंग बर्लिन ज्यू होते, नाताळ त्यांचा सण नव्हता. त्यांचा तान्हा मुलगा १९२८ साली नेमका पंचवीस डिसेंबरला गेला होता. त्या गाण्याच्या मूळ सुरुवातीत, जी आज सहसा कुणी गात नाही, बेव्हर्ली हिल्समधलं ऊन आहे, संत्र्याची आणि ताडाची झाडं आहेत. तिथे उभा राहून माणूस उत्तरेकडच्या नाताळची आठवण काढतोय. गायक बिंग क्रॉसबी यांनी ते पहिल्यांदा गायलं ते रेडिओवर, २५ डिसेंबर १९४१ ला. अमेरिकेला महायुद्धात ओढणाऱ्या पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. पुढच्या वर्षी रेकॉर्ड निघाली आणि घरापासून हजारो मैल लांब असलेल्या सैनिकांनी ती सैन्याच्या रेडिओला मागून मागून ऐकली. ज्यावरून तबकड्या काढत तो मूळ ठसा इतका वापरला गेला की झिजला, आणि १९४७ मध्ये क्रॉसबींना गाणं पुन्हा रेकॉर्ड करावं लागलं. आज आपण ऐकतो ते बहुधा हे दुसरं.

याच गाण्याची आणखी एक हकिगत सांगतो. २९ एप्रिल १९७५, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव. शहर उत्तर व्हिएतनामच्या फौजांच्या हाती पडणार हे दिसत होतं. तिथल्या अमेरिकनांना आधीच सांगून ठेवलं होतं की सैन्याच्या रेडिओवर तापमान १०५ अंश (फॅरनहाइट) आणि चढतंय असं निवेदन येईल आणि पाठोपाठ ‘व्हाइट ख्रिसमस’ लागेल, की ठरलेल्या जागी निघायचं. एप्रिलच्या उन्हात नाताळचं गाणं लागलं आणि माणसं घरं सोडून निघाली. एकच गाणं एकाच क्षणी सगळ्यांच्या कानावर जातं, हे रेडिओला जमतं. मोबाइलवर प्रत्येकाची वेगळी यादी असते, तिला हे जमत नाही. म्हणूनच हवं ते गाणं हवं तेव्हा खिशात असूनही लोक डिसेंबरात हे स्टेशन लावतात, असं मला मनापासून वाटतं.

आता ज्यांना याचा त्रास होतो त्यांच्याबद्दल. स्टेशनकडे फिरवायला फार तर काहीशे गाणी असतात, त्यातली लाडकी तर दिवसातून कितीदा तरी येतात. ग्राहक वीस मिनिटांत बाहेर पडतो. काउंटरवरची मुलगी आठ तास तिथेच असते, तीही सात आठवडे. तिला कुणी विचारत नाही, आणि यंत्राच्या हिशेबात तिचा कंटाळाही ‘ऐकलं’ म्हणूनच जमा होतो. नव्या गाण्यांना या यादीत जवळपास प्रवेश नाही. मराया कॅरी यांचं नाताळचं गाणं १९९४ चं, ते बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं २०१९ मध्ये. पंचवीस वर्षं. आणि हे यातलं ‘नवं’ गाणं समजलं जातं!

पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती पैशांची बाजू. ब्रेंडा ली यांनी ‘रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री’ १९५८ मध्ये गायलं, तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा त्या अठ्ठ्याहत्तरच्या होत्या. गाणं लिहिलं जॉनी मार्क्स यांनी. अमेरिकन कायद्यानुसार एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला पैसे मिळतात, गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्यांना काहीच मिळत नाही. उपग्रह रेडिओ देतो, इंटरनेटवरच्या सेवा देतात, एफएम देत नाही. युरोपातल्या बहुतेक देशांत गायकाला हा पैसा मिळतो.

स्टेशनमालकांचं म्हणणं असं की आम्ही गाणं वाजवतो ती गायकाची फुकट जाहिरातच आहे. नव्या गायकाच्या बाबतीत यात काही तथ्य असेल. पण नाताळच्या स्टेशनवर हा युक्तिवाद उभाच राहत नाही. पासष्ट वर्षं घराघरात असलेल्या आवाजाला कसली जाहिरात हवी? इथे तर स्टेशनच त्या आवाजावर आपली जाहिरात करतंय. श्रोते दुप्पट होतात ते त्या तेरा वर्षांच्या मुलीच्या गळ्यामुळे, आणि वाढलेल्या श्रोत्यांच्या आकड्यावर जाहिरातींचे दर ठरतात.

२०२१ मध्ये अमेरिकन संसदेत ‘अमेरिकन म्युझिक फेअरनेस ॲक्ट’ नावाचं विधेयक मांडलं गेलं. ते पुढेही मांडलं गेलं, अजून कायदा झालेला नाही. त्यात छोट्या स्टेशनांची काळजी घेतली आहे. वर्षाचं उत्पन्न १५ लाख डॉलरच्या आत असेल आणि मागे मोठी कंपनी नसेल, तर वर्षाला ५०० डॉलर किंवा त्याहून कमी भरायचे. म्हणजे गावातलं स्टेशन बुडेल ही भीतीही उरत नाही. पैसे द्यायचे आहेत ते शेकडो स्टेशनं चालवणाऱ्या कंपन्यांना, ज्यांचा हंगामच या जुन्या आवाजांवर उभा आहे. ते त्यांनी द्यावेत, आणि गाणारे हयात असताना द्यावेत.