एकशेदहा किलोमीटर, पंचवीस मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर लाँगइयरब्येन आणि नी-ऑलेसुंड असे दोन विमानतळ आहेत. हवाई अंतर ११० किलोमीटर, वेळ २५ मिनिटं. पुन्हा सांगतो, ११० किलोमीटर, २५ मिनिटं. या दोन गावांना जोडणारा रस्ता नाही. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं 'हिमाद्री' हे संशोधन-ठाणं २००८ पासून नी-ऑलेसुंडला आहे, त्यामुळे आपले शास्त्रज्ञही याच वाटेनं जातात.

अंतर घरी काढता येतं. अक्षांशातला फरक ०.६८ अंश, म्हणजे ७६ किलोमीटर. रेखांशातला ३.६ अंश. मुंबईजवळ रेखांशाचा एक अंश १०५ किलोमीटरचा, तर तिथे जेमतेम २२ किलोमीटरचा. म्हणजे झाले ७९. आता पायथागोरस लावा, उत्तर ११०. नेहमीच्या सपाट नकाशावर मात्र रेखांश वरपर्यंत सारख्याच अंतरावर काढतात, म्हणून हीच बेटं अवाढव्य दिसतात. प्रत्येक वर्गात पृथ्वीगोल हवाच, आणि तो कपाटात नको, मुलांच्या हाताशी हवा!

याच नी-ऑलेसुंडहून ११ मे १९२६ रोजी 'नॉर्गे' हे वायू भरून तरंगणारं, कापडी आवरणाचं हवाई जहाज उत्तर ध्रुवाकडे निघालं. लांबी १०६ मीटर, आत सोळा माणसं. मोहिमेचा नेता नॉर्वेचा अमुंडसेन, सुकाणू इटलीच्या नोबिलेच्या हाती, आणि सोबत अमेरिकेचा एल्सवर्थ. ध्रुव १,२३० किलोमीटरवर. तिथे पोचायला सोळा तासांहून जास्त लागले, म्हणजे वेग ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास. १२ मेच्या पहाटे ध्रुवावर तीन देशांचे झेंडे टाकले. खरी परीक्षा त्यापुढे होती. धुकं दाटलं, जहाजावर बर्फ साचू लागला. पंख्यांवरचा बर्फ तुटून गोळीसारखा उडायचा आणि जहाजाचं कापड फाडायचा. ते आतून ठिगळं लावत राहिले. रेडिओच्या तारेवरही बर्फ चढला, संपर्क तुटला. ते कुठे आहेत, हे जगाला कळेना. जायचं होतं अलास्कातल्या नोमला, पण वादळी हवेमुळे १४ मे रोजी टेलर नावाच्या वस्तीतच उतरावं लागलं. सुमारे ५,३०० किलोमीटर, जवळपास तीन दिवस! ध्रुवावर निर्विवादपणे पोचलेली पहिली मोहीम म्हणून हिचंच नाव घेतात.

आज नी-ऑलेसुंडला छोटं डॉर्नियर २२८ जातं. हीच विमानं आपल्या कानपूरलाही बनतात. चढण्या-उतरण्यातच बराच वेळ जातो, म्हणून ११० किलोमीटरला २५ मिनिटं. धुकं असलं तर विमान निघत नाही, किंवा अर्ध्या वाटेवरून परततं. पुढच्या विमानाचं तिकीट लागोपाठ काढू नका, मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा.

स्वालबार्ड शेंगेनबाहेर, म्हणजे युरोपीय देशांच्या सामायिक व्हिसा-क्षेत्राबाहेर आहे, म्हणून व्हिसा दोनदा प्रवेशाचा घ्या. एकदाच प्रवेशाचा असेल, तर परतताना नॉर्वेत शिरता येणार नाही. दोनदा प्रवेशाचा, लक्षात ठेवा. आणि नी-ऑलेसुंडला उतरण्याआधी मोबाइलचं वायफाय, ब्लूटूथ बंद करा. दूरच्या क्वेसारांचे, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांचे, क्षीण रेडिओ संकेत टिपणाऱ्या अँटेना तिथे आहेत, आणि त्यांच्या कामात आपल्या खिशातला फोनही अडथळा आणतो. नमस्कार.