आधी स्नायू ओळखा, मग उपकरण घ्या

मैत्रिणींनो, मे महिना आहे, पारा ४५ च्या आसपास आहे. तरी आपल्यातल्या कितीतरी जणी बर्डीवर खरेदीला जायचं म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीत. खोकला आला, शिंक आली, ऑटो गतिरोधकावर आदळला की लघवी निसटते, म्हणून पाणीच तोडायचं. नागपूरच्या उन्हात हे ऐकलं की मला धस्स होतं. शिवाय पाणी कमी पडलं की लघवी दाट होऊन मूत्राशयाला झोंबते आणि घाई उलट वाढते.

माकडहाडापासून पुढच्या जघनाच्या हाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, आतडं यांना ती खालून तोलते. बाळंतपणात ती ताणली जाते, जुनाट खोकल्याने आणि बद्धकोष्ठतेत कुंथून सैल पडते, मग लघवी निसटते. पण ते स्नायूच आहेत, व्यायामाने बळकट होतात. १९४८ साली अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी हे स्नायू आवळण्याच्या व्यायामावर लेख लिहिला. त्यांच्या नावाचा व्यायाम सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांची तबकडी मात्र विस्मरणात गेली. योनीत ठेवायचा एक रबरी भाग आणि त्याला जोडलेला दाबमापक, असं ते उपकरण होतं. स्नायू आवळला की सुई सरकायची. जे डोळ्यांना दिसत नाही ते बाईला त्या सुईवर दिसायचं.

आजचे बायोफीडबॅकचे, म्हणजे स्नायूचं काम आपल्यालाच दाखवणारे, प्रोब त्याच कल्पनेवर चालतात, सुईच्या जागी मोबाइलचा पडदा आला इतकंच. माझ्याकडे येणाऱ्या अनेक जणी आवळायला सांगितलं की खाली कुंथतात किंवा मांड्या नि पार्श्वभाग घट्ट करतात. महिनोन् महिने असा उलटा व्यायाम केलेली बाई भेटली की फार वाईट वाटतं. चारचौघांत वायू अडवतो तसं आत आणि वर ओढून पाहा. श्वास चालू ठेवा. लघवी करताना धार मध्येच थांबवण्याचा सराव मात्र करू नका. एवढं करूनही काही कळत नसेल, तर उपकरण खरोखर कामाचं आहे.

ज्यांना जमतं त्यांनी ते विकत घ्यायची घाई करू नये. ब्रिटनमध्ये ६०० स्त्रियांवर झालेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. निव्वळ व्यायाम करणाऱ्या आणि जोडीला बायोफीडबॅक वापरणाऱ्या अशा दोन्ही गटांत दोन वर्षांनंतर महत्त्वाचा फरक दिसला नाही. वजनाचे छोटे शंकू (इंग्रजीत ‘कोन’) योनीत धरून चालायचं, हा दुसरा प्रकार. पण शंकू आत आडवा झाला तर स्नायू न आवळताही तिथेच राहतो. विजेचं स्टिम्युलेशन, म्हणजे सौम्य विजेने स्नायू आवळायला लावणं, हे ज्यांना स्नायू मुळीच आवळता येत नाही त्यांच्यासाठी. गरोदरपणात किंवा पेसमेकर असेल तर ते टाळायचंच. संसर्ग असेल, नुकतीच बाळंतीण असाल, अंग बाहेर येत असेल, तर कुठलंही उपकरण तपासणी झाल्याशिवाय नको.

ब्रिटनमधल्याच मार्गदर्शक सूचनांत एका वेळी किमान ८ वेळा आवळणं, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने असं सांगितलं आहे. दोन आकुंचनांमध्ये स्नायू पूर्ण सैल सोडा. आवळताना दुखत असेल तर थांबा. काही जणींचा हा स्नायू आधीच ताठरलेला असतो, त्यांना आधी सैल सोडायला शिकावं लागतं.

आता चिठ्ठ्या फिरतील. नाव लिहू नका, प्रश्न तेवढा लिहा. आणि मागे माठ भरून ठेवलाय, आधी पाणी प्या.